बेण्याचा कोपरा

माझा धंदा रान करण्याचा. पेरायचं नाही, कापायचं नाही, टेबलावर मांडायचं. काही लोकांना घरात छोट्या आगगाड्या पळवायचा छंद असतो. पटरी, इंजिन, डबे, सिग्नल सगळं विकत मिळतं. भोवतालचा मुलूखही मिळतो, पण तो परदेशातला. तिकडची झाडं टोकदार, गवत गालिच्यासारखं. आपल्याकडच्या माणसाला गाडीशेजारी बाभळ हवी असते, कालव्याच्या पाण्याची चारी हवी असते, वाकलेला विजेचा खांब हवा असतो. ते करून देणारा एक माणूस काटेवाडीला पत्र्याच्या शेडमध्ये बसतो, तो मी. सुरुवात दुकानांच्या पाट्या रंगवण्यापासून झाली, मग गणपतीचे देखावे, मग प्लॉटवाल्यांच्या स्कीमचे मॉडेल, आणि शेवटी ह्या गाड्या. सगळे मला अजून पेंटरच म्हणतात. बायकोसुद्धा चिडली की पेंटर म्हणते.

काम सांगायला सोपं आहे. प्लायवूडवर थर्माकोलचे थर लावून चढउतार करायचे, त्यावर जाळी आणि प्लास्टर, प्लास्टर वाळलं की माती, मातीवर पीक. माती मी नेहमी त्या जागेवरचीच आणतो, तिची ढेकळं फोडून ती चहाच्या गाळणीतून गाळतो आणि थोडा चुना मिसळून फिकी करतो. खोलीत आणलेली काळी माती डांबरासारखी दिसते, हे पहिली दोन कामं वाया गेल्यावर कळलं. माप ठरलेलं असतं, खऱ्यातला एक फूट म्हणजे टेबलावर साडेतीन मिलिमीटर. बारा फुटी ऊस माझ्याकडं बोटाच्या दोन पेरांएवढा होतो. त्याची कांडी जुन्या रंगाच्या ब्रशांच्या केसांची आणि पाचट, म्हणजे वाळका पाला, उसवलेल्या सुतळीचं. एक एक काडी गमात बुडवून लावायची. मान मोडते, पण जमला की असा जमतो की शेतकरी गिऱ्हाईक हमखास विचारतं, टनेज किती पडंल?

गिऱ्हाईक काय लावायला सांगतं, त्यापेक्षा काय काढायला सांगतं त्यावरून मला ते कळतं. पुण्याच्या एका डॉक्टरांना बर्फाचे डोंगर हवे होते आणि त्यावर एकही माणूस नको होता. म्हणाले, दिवसभर माणसंच बघतो. इंदापूरकडच्या एका प्लॉटवाल्याच्या जागेला लागून गावाचं स्मशान होतं, ते त्यानं काढायला लावलं. मी तिथं बाग केली, झोपाळा टांगला. उद्घाटनाला गावातली एक म्हातारी मॉडेलवर वाकली, बराच वेळ शोधत राहिली आणि म्हणाली, "आरं, आमची जागा कुठं गेली?" प्लॉटवाला हसला. मलाही हसू आलं, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

काहीही काढू नको म्हणणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. कळसचे डायव्हर आबा.

आबांनी जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं आणि निवृत्त होऊन गावी शेतावर आले. निरोप आला म्हणून मी उन्हाळ्यात गेलो. शेळ्यांची शेड झाडून त्यांनी आत मोठं टेबल केलं होतं. पटरी स्वतः जोडलेली, एक लांब वळण आणि वळण संपताना आडवी गाडीवाट. आबा अंगानं धिप्पाड, पण माझ्याकडं बघताना मान तिरकी करत होते. बोळातून डोकावावं तसं बघायचे.

"पेंटर, ही एकच जागा करायची," ते म्हणाले. "आन् एकाच दिवसाची."

जागा आमच्याकडच्याच एका लाईनीवरची होती. तिथं तेव्हा माणूस नसलेलं फाटक होतं, म्हणजे खरं तर फाटकच नव्हतं, नुसती पाटी. आता तिथं खालून भुयारी रस्ता झालाय. आबांच्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना, उसाच्या हंगामात, एका सकाळी ऊसतोड टोळीतल्या एका गडीमाणसानं उसानं भरलेली बैलगाडी तिथं पटरीवर घातली. आबांनी इंजिनाचा ब्रेक दाबला, पण भरधाव गाडी जागच्या जागी थांबत नसते. माणूस गेला, एक बैल गेला.

चौकशी झाली. आबांनी शिट्टीच्या पाटीपाशी शिट्टी दिली होती, ती मागच्या डब्यात गार्डानं ऐकली होती. वारा उलटा होता आणि बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या, म्हणून गाडीवानाला ती ऐकू गेली नसेल, असं धरलं गेलं. ऐकू गेलं नाही तरी दिसायला हवं होतं. वळण आणि गाडीवाट यांच्या मधलं रान मोकळं होतं, ऊस तुटून गेलेला. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. मोकळ्या रानात समोरून येणारं इंजिन दिसत असताना त्यानं गाडी घातली, म्हणजे दोष त्याचा. आबा सुटले.

"मलाबी मोकळंच आठवतंय," आबा म्हणाले. "इंजिन लई म्होरं जाऊन थांबलं, तितनं मागं चालत आलो तवा लोकं पाचटावरनं पळत हुती. त्याची बायकू जमिनीवर हात आपटत हुती आन् नुसती ऊस ऊस म्हणत हुती. मला वाटलं, सांडलेल्या मालासाठी रडती का काय. लई राग आला तिचा. सोबतचा असिस्टंट पलीकडल्या बाजूला हुता, त्याला काय दिसणार? हे रान माझ्या बाजूचं."

सूनबाईंनी चहा आणून ठेवला, तो त्यांनी चाचपत उचलला.

"आता डॉक्टर म्हणतोय काचबिंदू हाय. कडंकडंनं अंधार येतो आन् माणसाला पत्ता लागत न्हाय. एक डोळा गेला, दुसरा औषधाच्या थेंबावर टिकून हाय. मी इचारलं, ह्यो रोग कवापासनं? त्यो म्हणला, सांगता येत न्हाय, लई जुना आसंल." त्यांनी कप खाली ठेवला. "डोळ्याच्या तपासण्या मी दर बारीला पास झालो. पण मोकळं रान हुतं, पेंटर. मग एक तर त्याला इंजिन दिसलं न्हाय, न्हायतर मला गाडी. दोघांतला एकजण आंधळा हुता. चौकशीनं त्याला ठरवलं. मला वाटतंय, मी हुतो."

जन्मभर सरळ बघण्याचा पगार घेतलेला माणूस मला हे सांगत होता. त्यांना ती जागा जशीच्या तशी हवी होती, डोळे आहेत तोवर. इंजिनातून काय दिसायला हवं होतं ते एकदा बघायचं होतं. मी म्हटलं, मी जागा बघून येतो. ते एकदम तडकले. "तितं जायाचं न्हाय. कुणाला काय इचारायचं न्हाय. मी सांगतो तसं करायचं."

आणि सांगितलंही तसंच. कुठली बाभळ पटरीकडं झुकलेली, कुठल्या खांबाला ताण दिलेला, चारीच्या पुलाचा कठडा कुठं फुटलेला. भराव किती, वाट किती खोल. अशी माहिती मला इंजिनिअरांनी कधी दिली नव्हती. बैलगाडी मी केली, बैल केले, उसाची चळत रचली. गाडीवान मात्र करू दिला नाही. "त्याला ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

पावसाळ्यात प्लास्टर वाळायला फार वेळ घेतं. जुलैत माझं रान अजून पांढरंफटक होतं, माती पडायची होती, पण उंची-खोली पक्की झाली होती. आबांना धीर धरवेना. मी म्हटलं, आबा, अर्धं रान गिऱ्हाईकानं बघू नये, त्यात माणूस फसतो. त्यांनी ऐकलं नाही. इंजिनापुढं एक सपाट डबा जोडला, त्यावर माझा मोबाईल व्हिडिओ चालू करून डायव्हरच्या नजरेच्या उंचीवर उभा केला आणि गाडी सोडली.

मग मोबाईल डोळ्याजवळ धरून ते बघत बसले. वळण सुरू झालं. मधलं रान पांढरं, मोकळं. आणि पलीकडं बैलगाडी, अगदी वळण लागल्यापासून, चळतीसकट. लपायला जागाच नव्हती. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा बघितलं. मी काहीबाही बोलत होतो. ही छोटी गाडी, हिला धूळ नाही, ऊन नाही, असलं काहीतरी.

"म्हंजे मीच," आबा म्हणाले.

त्यानंतर दोनदा गेलो तर ते शेडमध्ये आलेच नाहीत. सूनबाई मला गोठ्याशी गाठून हळू आवाजात म्हणाली, "तुमी जरा सांगा की. डोळ्यात थेंब टाकू देत न्हाईत. म्हणत्यात, आता कशापायी?" मी सांगून बघितलं. त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त त्या मोबाईलचा.

काम सोडून द्यावं असं वाटत होतं. पण उघडं प्लास्टर टाकून यायचं म्हणजे माझ्या हातून होत नाही, आणि मातीशिवाय पुढं सरकता येत नाही. ओली काळी माती गाळणीतून पडत नाही, म्हणून पाऊस उघडायची वाट बघितली आणि दसऱ्याच्या सुमारास, आबांना न सांगता, पोतं घेऊन त्या जागेवर गेलो.

भुयारी रस्त्यात गुडघाभर पाणी साचलं होतं. पलीकडं रान होतं, त्यात पुन्हा ऊस, पुरुषभर उंचीचा. बांधावर मी खुरप्यानं माती उकरत असताना रानाचा मालक आला. सत्तरीचा माणूस, डोक्याला टॉवेल. गावात त्यांना तात्या म्हणत. माती कशाला विचारलं, मी खरं ते सांगितलं. ह्या रानाचं त्या दिवसाचं मॉडेल करतोय, इथनं तिथवर सगळं मोकळं, पाचट पसरलेलं.

"मोकळं?" तात्या म्हणाले. "कोण म्हणतंय मोकळं? ह्यो कोपरा उभा हुता की."

ते मला वाटेच्या कडेला घेऊन गेले. ज्यांचा उसाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस कारखान्याला तोडून देताना शेतकरी सगळा देत नाही. पुढच्या लागणीसाठी चांगल्या उसाचा एक तुकडा उभा राखतो, त्याला बेणं म्हणतात. तात्यांच्या रानात चारीचं पाणी पहिल्यांदा ह्याच कोपऱ्यात येतं, म्हणून इथला ऊस सगळ्यात जाड आणि उंच. त्या वर्षी बाकीचं रान तुटलं होतं आणि बेण्याचा कोपरा बरोबर वळण आणि गाडीवाट यांच्या मध्ये उभा होता.

"मग पंचनाम्यात मोकळं कसं आलं, तात्या?"

"आमीच केलं की मोकळं. धडकंनं गाडी उडाली ती ह्या उसात. माणूस आत, आरडतोय, आन् वरनं मोळ्या. आत शिरायला वाट न्हाय. टोळीतल्या समद्यांनी कोयतं घेतलं, मीबी घेतला. दिसंल ते तोडत गेलो. बाहिर काढला तवर त्यो गेला हुता. पोलीस आलं, मापं घेतली, तवर रान साफ."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

तात्यांनी टॉवेल सोडून तोंड पुसलं. "तिकडं माणूस मरून पडलाय आन् मी सांगू, हितं माझं बेणं हुतं म्हणून? लोकं म्हणली आसती, मढं उचललं न्हाय तवर ह्याला भरपाईची पडली. जीभ रेटली न्हाय. आन् इचारलंबी न्हाय कुणी."

 आमच्याकडं मयताच्या दारात कुणी पिकाचं नाव काढत नाही. मी पोतं भरलं. निघताना त्यांनी आपण होऊन सांगितलं की टोळी तीच आहे, दरवर्षी हितंच येते. मेलेल्या गाडीवानाची बायको कौसाबाई अजून तोडीला असते.

घरी येऊन मी ऊस करायला बसलो. आयुष्यात इतका ऊस एका दमात केला नव्हता. तात्यांनी दाखवलेला तुकडा पावलांनी मोजून घेतला होता, तेवढाच केला, एक काडीही जास्त नाही. लबाडी करायची असती तर चार काड्या पुढं सरकवून करता आली असती. गरज पडली नाही.

कळसला पोचलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो तरी नजर हलली नाही. उरलेल्या डोळ्यात आता उजेड आणि अंधार एवढंच शिल्लक होतं. थेंब बंद केल्यामुळं की रोगच तसा होता, हे डॉक्टरही सांगेना. हातातला उसाचा खोका घेऊन मी तसाच उभा राहिलो. बघायला मागणारा माणूस होता, दाखवायला वस्तू होती आणि डोळे नव्हते. मला रडू आलं, ते त्यांना दिसलं नाही.

मी त्यांना जागेवर गेल्याचं सांगितलं. ते ओरडतील वाटलं होतं. तात्या काय म्हणाले ते शब्दाशब्दानं सांगितलं. ते उठले आणि माझा खांदा धरून शेडमध्ये आले.

मी माती पसरली, पाचट टाकलं, बेण्याचा कोपरा लावला, गम वाळू दिला. तोवर ते शेजारी खुर्चीवर बसून होते. मग मी त्यांचा हात धरून बोट इंजिनाच्या खिडकीवर ठेवलं. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी बोट खिडकीच्या उंचीवर तसंच हवेत धरलं आणि गाडीवाटेच्या दिशेनं सरळ नेलं. बोट उसाला अडलं. थोडं मागं घेऊन वळणाच्या आधीपासून पुन्हा आणलं. पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा कोपरा संपेपर्यंत बोट उसातच होतं, आणि ऊस संपला तिथं बैलाचं शिंग होतं.

"दिसत नव्हतं," आबा म्हणाले. "मी बघतच हुतो. दिसत नव्हतं."

मला वाटलं, झालं. एवढ्यासाठी तर सगळं होतं. पण ते थांबले नाहीत. त्यांनी चाचपत बैलगाडीचं जू शोधलं, त्याच्या मागं जिथं गाडीवान बसतो तिथं बोट टेकवलं आणि तिथून उलट इंजिनाकडं न्यायला लागले. बोट पुन्हा त्याच उसाला अडलं. ह्या बाजूनं मी कधी विचारच केला नव्हता. आबांनी बोट पुढं रेटलं, दोनचार काड्या मोडल्या.

"त्यालाबी दिसलं न्हाय, पेंटर. मी दिसलोच न्हाय त्याला." मग म्हणाले, "इतकी वर्सं मी त्याला आंधळा म्हणत आलो. मनातल्या मनात रोज म्हणायचो. त्याच्यावर ढकलल्याबिगर झोप लागायची न्हाय."

मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. टोळी आली की तिथं न्यायचं.

दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले, तात्यांचा फोन आला. आबांना स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेलो. भुयारी रस्त्यात शिरताना वर गाडी गेली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मालगाडी."

तोड तात्यांच्याच रानात चालली होती. कौसाबाई ऊस तोडत होती. वाळलेली, उंच बाई, हाताला फडकी गुंडाळलेली. तात्यांनी सांगितलं की हे त्या गाडीचे डायव्हर. तिनं कोयता खाली ठेवला नाही. आबांना मी पाचटावरून धरून तिच्यापर्यंत नेलं.

"बाई," आबा म्हणाले, "तुमच्या मालकाची चूक नव्हती. हितं बेणं उभं हुतं. त्याला मी दिसलो न्हाय आन् मला त्यो. मला आत्ता कळलं."

कौसाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिला रडू आलं नाही की राग आला नाही.

"मला काय सांगतो, बाबा?" ती म्हणाली. "म्याच तोडला न् तो ऊस. पहिला घाव मह्याच कोयत्याचा व्हता. म्या तव्हाच सांगत व्हते समद्याला. ऊस व्हता, हितं ऊस व्हता. कुणी आयकलं नाही. म्हणले, बाई येडी झाली."

आबांचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. "मीबी ऐकलं हुतं," ते म्हणाले. "मला वाटलं, मालासाठी रडतीया."

 मागं टोळीतल्या बायकांची तोड चालूच होती, कोयत्यांचा आवाज येत होता. आबांनी माझा दंड सोडला आणि दोन्ही हात जोडून वाकले. पण बाई कुठं उभी आहे ते त्यांना दिसत नव्हतं. हात तिच्याकडं नव्हते, बाजूला रचलेल्या मोळ्यांकडं होते. ते वळवावेत म्हणून मी पुढं झालो. कौसाबाईनं मानेनंच मला नको म्हटलं, कोयता पाचटावर टाकला आणि सरकून त्या हातांपुढं येऊन उभी राहिली.